पाटी वाचली, वाट सापडली

(प्रतापगडच्या साक्षरता वर्गातील भाषण)



तुम्ही अक्षरे शिकलात. बाराखडी झाली, जोडाक्षरे झाली. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा आज आपण एक गंमत करू. इथेच बसून एका लांबच्या शहराची सफर करू. त्या शहराचे नाव लंडन. ती इंग्लंडची राजधानी. शहर फार जुने आहे. तिथे माणसे किती? सुमारे ९० लाख!

तुम्ही म्हणाल, "आम्ही धानाच्या बांधीत राबणारी माणसं. आम्हाला लंडन कशाला हवं?"

प्रश्न बरोबर आहे. तिथे जायला पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो. विमानाचे भाडे भारी असते. आपल्यापैकी फार थोडे लोक तिथे जातील. पण लंडनचा आणि आपला संबंध जुना आहे. हा आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे आपल्यावरचा कारभार लंडनच्या हुकमाने चालला. जिथून आपल्यावर हुकूम सुटत होते, ते गाव कसे आहे, हे आपल्याला ठाऊक असावे.

दुसरेही एक कारण आहे. ज्याला पाटी वाचता येते, त्याला लंडनमध्ये कोणी वाटाड्या लागत नाही. हे कसे, तेच आम्ही आज सांगणार आहोत. सांगता सांगता आपण तिथल्या एका घरापर्यंत पोचू. ते घर आपल्या माणसाचे आहे.

निघायचे कसे?

प्रतापगडाहून आधी अर्जुनीला यायचे. तिथून रेल्वेने गोंदिया. गोंदियाहून मोठ्या गाडीने मुंबई. मुंबईहून विमान. विमान नऊ-दहा तास उडते आणि लंडनला उतरते. तिथल्या मोठ्या विमानतळाचे नाव हीथ्रो.

उतरल्यावर पहिले काम घड्याळ मागे करण्याचे. आपल्याकडे सूर्य आधी उगवतो. म्हणून आपले घड्याळ पुढे असते. हिवाळ्यात साडेपाच तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेचार तास. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले, तर लंडनला दुपारचे बारा वाजलेले असतात.

दुसरे काम पैशाचे. तिथे रुपया चालत नाही. तिथले नाणे पौंड.

जमिनीखालची रेल्वे

आता विमानतळावरून गावात जायचे. लंडनमध्ये जमिनीखालून रेल्वे चालते. उंदराच्या बिळासारखी भुयारे खणली आहेत आणि त्यांतून गाड्या धावतात. ही रेल्वे जगातली पहिली भुयारी रेल्वे. १० जानेवारी १८६३ रोजी ती सुरू झाली. आपल्या देशात पहिली प्रवासी गाडी मुंबईहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर दहाच वर्षांनी लंडनवाल्यांनी गाडी जमिनीखाली नेली. तेव्हा विजेचे इंजिन नव्हते. वाफेचे इंजिन होते. भुयारात धूरच धूर व्हायचा. तरी पहिल्या दिवशी सुमारे ३८ हजार लोक त्या गाडीत बसले!

आज या रेल्वेचे ११ मार्ग आहेत आणि २७२ स्टेशने आहेत. नाव भुयारी असले, तरी निम्म्याहून अधिक वाट जमिनीवरून जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० आणि १९४१ साली, लंडनवर रात्र रात्र बाँब पडत होते. तेव्हा हजारो लोक याच भुयारी स्टेशनांत अंथरूण टाकून झोपत. बायकापोरे, म्हातारेकोतारे, सगळे तिथेच.

एवढ्या जाळ्यात नवा माणूस हरवत कसा नाही? त्याचे उत्तर एका नकाशात आहे. हॅरी बेक नावाचा एक माणूस होता. तो विजेच्या तारांचे आराखडे काढी. त्याने १९३१ साली रेल्वेचा नकाशा तशाच पद्धतीने काढला. त्याने विचार केला, गाडीत बसलेल्या माणसाला वाट कुठे वळते याच्याशी काय काम? त्याला एवढेच हवे की, पुढचे स्टेशन कोणते आणि गाडी बदलायची कुठे. म्हणून त्याने सगळ्या रेषा सरळ काढल्या आणि मार्गांना वेगवेगळे रंग दिले. १९३३ साली तो नकाशा छापून लोकांच्या हातात आला. आजही त्याच धर्तीचा नकाशा स्टेशनात आणि गाडीत लावलेला असतो.

नकाशा वाचणे सोपे आहे. आधी आपण कुठे आहो, ते नाव शोधायचे. मग जायचे कुठे, ते नाव शोधायचे. मग दोन्ही नावे कोणत्या रंगाच्या रेषेवर आहेत, ते पाहायचे. रंग एकच असेल, तर एकाच गाडीने काम होते. रंग दोन असतील, तर त्या दोन रेषा जिथे मिळतात तिथे उतरून गाडी बदलायची. बस, एवढेच.

तिकिटाचे काय? दारापाशी पिवळी चकती असते. तिला प्रवासाचे कार्ड टेकवायचे. या कार्डाला ऑयस्टर म्हणतात. बँकेचे कार्डही चालते. आत जाताना टेकवायचे आणि बाहेर पडतानाही टेकवायचे. बाहेर पडताना विसरलात, तर जादा पैसे कापले जातात, बरं का!

खाली जायला सरकते जिने असतात. त्यांवर उभे राहायचे असेल, तर उजव्या बाजूला राहायचे. डावी बाजू घाईच्या माणसांसाठी मोकळी ठेवायची. आणि रांग कधी मोडायची नाही. इंग्रज माणूस रांग मोडणाऱ्याला फारसे बोलत नाही, पण असा पाहतो की, आपणच मागे जाऊन उभे राहतो.

तांबडी बस आणि काळी टॅक्सी

गाव पाहायचे तर बस बरी. भुयारात काय दिसणार? लंडनची बस तांबडी असते आणि पुष्कळ बसेस दुमजली असतात. मुंबईत १९३७ साली दुमजली बस आली, ती लंडनच्याच धर्तीची.

बसच्या कपाळावर नंबर आणि शेवटच्या थांब्याचे नाव असते. अगदी आपल्या एसटीसारखे. बस येताना दिसली की हात करायचा. पुढच्या दाराने चढायचे आणि कार्ड टेकवायचे. रोख पैसे कोणी घेत नाही. ती पद्धत २०१४ साली बंद झाली. एकदा पैसे भरले की तासाभराच्या आत दुसऱ्या बसमध्ये चढता येते. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर जागा मिळाली, तर थोड्या पैशात सारी राजधानी नजरेखालून जाते.

काळ्या टॅक्सीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती चालवायची तर परीक्षा द्यावी लागते. शहराच्या मध्याभोवती सहा मैलांत सुमारे २५ हजार रस्ते आहेत. ते सारे पाठ असावे लागतात. या परीक्षेला तिकडे 'नॉलेज', म्हणजे 'ज्ञान', असेच म्हणतात. ती पुरी व्हायला तीन-चार वर्षे लागतात. ही रीत १८६५ सालापासून चालत आली आहे. पण टॅक्सीचे भाडे महाग. आपल्यासारख्याने पायी चालावे, हे बरे.

पायी चालतानाही वाचता येते, बरं का! रस्ता ओलांडायच्या जागी खाली डांबरावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, "उजवीकडे बघा" किंवा "डावीकडे बघा". लिहिलेले अर्थात इंग्रजीत. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात. पण युरोपातल्या इतर बहुतेक देशांत त्या उजव्या बाजूने धावतात. तिकडचे पाहुणे गोंधळतात आणि गाडीखाली येतात. त्यांचा जीव वाचावा म्हणून हे अक्षर रस्त्यावर काढले आहे.

काय काय पाहावे?

गावातून थेम्स नावाची नदी वाहते. बरीच पाहण्यासारखी ठिकाणे तिच्या काठाला आहेत.

काठावर पार्लमेंटची इमारत आहे. तिथे त्यांचे खासदार बसतात. तिच्या टोकाला उंच मनोरा आहे आणि त्यावर मोठे घड्याळ आहे. हे घड्याळ १८५९ साली सुरू झाले. लोक मनोऱ्यालाच 'बिग बेन' म्हणतात. खरे तर ते आतल्या मोठ्या घंटेचे नाव. त्या घंटेचे वजन १३ टनांहून अधिक आहे. समोरच्या चौकात मोठमोठ्या पुढाऱ्यांचे पुतळे आहेत. त्यांत २०१५ सालापासून महात्मा गांधींचाही पुतळा उभा आहे. अंगावर तेच धोतर आणि तीच शाल. ज्यांच्या राज्याशी ते लढले, त्यांच्याच पार्लमेंटसमोर ते उभे आहेत.

नदीच्या काठाने पुढे गेले की जुना किल्ला लागतो. त्याला टॉवर म्हणतात. त्याचा मधला बुरूज सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी बांधायला घेतला. आज तिथे राजघराण्याचे दागिने ठेवतात. त्यांतल्या एका मुकुटात कोहिनूर हिरा आहे. १८४९ साली इंग्रजांनी पंजाब जिंकला. तेव्हा महाराजा दुलीपसिंह दहा वर्षांचा पोरगा होता. त्याच्याकडून तो हिरा घेतला. हा किल्ला पाहायला तिकीट पडते. शेजारीच टॉवर ब्रिज आहे. हा पूल १८९४ सालचा. खालून मोठे जहाज आले की पुलाचे दोन भाग दरवाजाच्या फळ्यांसारखे वर उचलले जातात.

सेंट पॉल हे मोठे चर्चही पाहावे. २ सप्टेंबर १६६६ रोजी एका पाव भाजणाऱ्याच्या दुकानातून आग लागली. घरे लाकडाची. चार दिवस शहर जळत होते. १३ हजारांहून अधिक घरे राख झाली आणि जुने चर्चही गेले. त्यानंतर नवे चर्च बांधले, ते आजचे.

आता वस्तुसंग्रहालये. ब्रिटिश म्युझियममध्ये जायला पैसे पडत नाहीत. ते १७५९ साली लोकांना खुले झाले. आपल्या अमरावतीच्या नव्हे, आंध्रातल्या अमरावतीच्या जुन्या बौद्ध स्तूपाचे कोरीव दगड तिथे आहेत. दुसरे मोठे म्युझियम व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट. तिथली वाघनखे २०२४ साली तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आणली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली. ही वाघनखे शिवाजी महाराजांचीच, असे पक्के सिद्ध झालेले नाही. हे त्या म्युझियमनेच सांगितले आहे. ऐकीव काय आणि सिद्ध काय, हे वेगळे सांगावे. ही रीत चांगली.

आपल्या नागपूरकरांचीही एक वस्तू लंडनला निघाली. पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार. २०२५ साली तिथे तिचा लिलाव झाला. महाराष्ट्र सरकारने ती तलवार घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली.

दहा नंबरचे घर

आता आपण आपल्या माणसाच्या घरी जाऊ. लंडनमध्ये एक छान रीत आहे. एखाद्या घरात थोर माणूस राहून गेला असेल, तर त्या घराच्या भिंतीवर निळी गोल पाटी लावतात. तिच्यावर नाव आणि साल असते. अशा पाट्या लावण्याची रीत १८६६ सालापासून आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे ज्या घरात राहिले, त्यावर अशी पाटी आहे. सावरकर राहत त्या इंडिया हाउसवरही आहे. आणि किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांची पाटी आहे. १९२१-२२ मध्ये ते त्या घरात राहत होते.

हीथ्रोवरून या घरी कसे जायचे? कोणाला न विचारता जाऊ. नकाशात आधी गडद निळी रेषा धरायची. ही पिकॅडिली लाइन. तिने लेस्टर स्क्वेअर स्टेशनापर्यंत यायचे. पाऊण-एक तास लागतो. तिथे उतरायचे आणि काळी रेषा धरायची. ही नॉर्दर्न लाइन. उत्तरेकडची गाडी पकडायची. सातवे स्टेशन चॉक फार्म. तिथे उतरायचे.

पण थांबा! इथे एक मेख आहे. काळी रेषा पुढे कॅमडेन टाउनला दुभंगते. तिला दोन फाटे फुटतात. चॉक फार्म एकाच फाट्यावर आहे. म्हणून गाडीच्या कपाळावर काय लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय चढायचे नाही. 'एजवेअर' लिहिले असेल, तर गाडी आपली. दुसरे नाव असेल, तर ती सोडून द्यायची. फलाटावरच्या पाटीवरही हेच लिहून येते. ज्याला वाचता येत नाही, तो नेमका इथे चुकतो. ज्याला वाचता येते, तो दोन मिनिटे थांबतो आणि बरोबर पोचतो.

स्टेशनातून बाहेर पडले की पाच-सात मिनिटांची पायवाट. तिथे प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी रस्त्याचे नाव लिहिलेले असते. प्रत्येक दारावर घराचा नंबर. दहा नंबर आला की मान वर करायची. निळी पाटी दिसते.

हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. आज ते बाबासाहेबांचे स्मारक आहे.

बाबासाहेब तिथे कशाला गेले होते? शिकायला. पहिल्यांदा ते १९१६ साली गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परत यावे लागले. शिक्षण अर्धे राहिले. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली. पैसा पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या मित्राने उसने दिले. आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धे सोडलेले पुरे करायला गेले.

दहा नंबरच्या घरापासून ब्रिटिश म्युझियम चारएक किलोमीटर. तेव्हा म्युझियममध्येच मोठे ग्रंथालय होते. वर घुमट आणि खाली पुस्तकेच पुस्तके. बाबासाहेब सकाळी तिथे जाऊन बसत. दार बंद होईपर्यंत वाचत. खिशात पैसा थोडा. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ते दिवस काढले. ज्याला आपल्या देशात शाळेत इतर मुलांपासून दूर बसावे लागले, पाण्याला हात लावू दिला नाही, त्याने जगातल्या त्या मोठ्या ग्रंथालयात बसून वाचले. १९२१ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली आणि १९२३ साली डी.एस्सी. प्रबंधाचा विषय होता, रुपयाचा प्रश्न. ते बॅरिस्टरही झाले. पुढे १९३० ते १९३२ या काळात लंडनलाच गोलमेज परिषदा भरल्या. त्या तिन्ही परिषदांना बाबासाहेब गेले आणि अस्पृश्यांची बाजू त्यांनी मांडली. सात-आठ वर्षांपूर्वी जो तिथे उसन्या पैशावर शिकत होता, तो आता राज्यकर्त्यांसमोर बसून हक्क मागत होता.

आणि आपल्या भागाशीही त्यांचा संबंध आला. १९५४ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. तेव्हा आपले गाव भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्या निवडणुकीत बाबासाहेब हरले. पण तुमच्यापैकी कोणाच्या आज्याने किंवा आजीने त्या वेळी मत दिले असेल. घरी विचारून पाहा.

आपल्या गावची पाटी

आता लंडनहून परत येऊ. तिथे जे उपयोगी पडते, ते इथेही उपयोगी पडते.

महाशिवरात्रीला आपल्या प्रतापगडावर केवढी गर्दी होते! कोणी महादेवाला येतो, कोणी दर्ग्याला येतो. त्या गर्दीत कोणी हरवले, तर कर्ण्यावरून नाव पुकारतात. गाव आपले, माणसे आपली. कोणी ना कोणी हात धरून घरी आणतो. पण मजुरीसाठी, दवाखान्यासाठी, कचेरीच्या कामासाठी आपण नागपूरला जातो, रायपूरला जातो. तिथे कोण हात धरणार? तिथे न वाचणारा माणूस शंभर जणांना विचारतो. एक नीट सांगतो. दुसरा हसतो. तिसरा म्हणतो, "चल, मी नेतो," आणि पन्नास रुपये मागतो. आयाबहिणींना तर विचारायचीही भीती वाटते. म्हणून कित्येक जणी एकट्या प्रवासालाच निघत नाहीत. वाचता येऊ लागले की ही भीती उतरते.

तेव्हा असे करा. एसटीच्या कपाळावरची पाटी वाचा. शेवटच्या गावाचे नाव वाचून थांबू नका. 'मार्गे' हा शब्द शोधा. समजा, नागपूरची एक गाडी साकोलीमार्गे आहे आणि दुसरी वडसामार्गे आहे. तुम्हाला साकोलीला उतरायचे असेल, तर दुसरी गाडी काय कामाची? लंडनच्या काळ्या रेषेचे दोन फाटे आठवा.

गोंदिया स्टेशनावर गेलात, तर फलाटाचा नंबर वाचा. गाडीचा नंबर तिकिटावर असतो. तो डब्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. आपला डबा कोणता, तेही तिकिटावर लिहिलेले असते. हमालाला, पोराला, शेजाऱ्याला विचारा, त्यात लाज नाही. पण आधी स्वतः वाचा आणि मग खात्रीसाठी विचारा. आधी वाचून विचारणाऱ्याला कोणी सहज फसवत नाही.

दवाखान्यात गेलात, तर दारावरची पाटी वाचा. तहसिलीत गेलात, तर खिडकीवरची पाटी वाचा. जिथे अंगठा टेकवायला सांगतात, तिथे आधी वरचा मजकूर वाचा. हळू वाचता येत असेल, तर हळू वाचा. मागचा माणूस घाई करील. त्याला म्हणा, "दम धरा भाऊ, मी वाचतो आहे."

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने वाटेत दिसलेल्या पाच पाट्या वहीत लिहून आणाव्यात. दुकानाची चालेल, एसटीची चालेल, मैलाच्या दगडाची चालेल. ज्या पाटीवरचे एखादे अक्षर अडले, ती तर जरूर आणावी. ते अक्षर आपण सगळे मिळून सोडवू.